तख्त्यावरची दुपार

लुबनाची अम्मी मेलेल्या बायकांना न्हाऊ घालायची, आणि लुबना ही गोष्ट वर्गात कुणालाही बिनदिक्कत सांगायची. कुणाचा बाप तहसीलमध्ये बाबू असतो, कुणाची आई अंगणवाडीत असते, तशी हिची अम्मी ग़ुस्ल देणारी. त्यात लपवायचं काय? बाळापुरातल्या त्यांच्या मोहल्ल्यात बाईमाणूस गेलं की पहिला निरोप मशिदीत जायचा आणि दुसरा सुरैय्याकडं. सुरैय्या हातातलं लाटणं ठेवून उठायची, गल्लीच्या तोंडाशी शाइस्ताला हाक मारायची, आणि दोघी मिळून चादरींचा आडोसा करायच्या, बोरीचा पाला टाकून पाणी तापवायच्या, आणि त्या बाईशी हळू आवाजात बोलत बोलत तिला धुवायच्या. जणू ती झोपेत आहे आणि तिची झोप मोडायची नाही.

शाइस्ता नात्यातली नव्हती. विधवा बाई, अंगानं भरभक्कम, तोंडानं त्याहून भक्कम. पण लुबनाला ती सख्ख्या खालापेक्षा, मावशीपेक्षा जवळची. या दोघींनी एकमेकींना जबान देऊन ठेवली होती, की जी आधी जाईल तिला दुसरीनं न्हाऊ घालायचं, तिसरीचा हात लागू द्यायचा नाही. आधी कोण जाईल यावरून त्यांचं भांडण चालायचं. शाइस्ता म्हणायची, सुरैय्या काडीसारखी आहे, तीच आधी उडेल. सुरैय्या म्हणायची, तुला पालथी करायला चार बाया लागतील, तू आपली मागूनच ये. आणि दोघी खदाखदा हसायच्या. घरात बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी असायचं. लाड हिंदीत, भांडण वऱ्हाडीत. त्या वर्षी भांडणंच जास्त झाली, म्हणून पुढं वऱ्हाडीच जास्त येईल.

झालं असं की दिवाळीच्या सुमाराला सुरैय्याचं पोट वाढायला लागलं. हातपाय वाळलेले आणि पोट तेवढं पुढं. कुणी म्हणालं गॅस आहे, कुणी म्हणालं या वयात काय बातमी देता बाई. ती हसून सोडून द्यायची. अखेर एक दिवस ओणवं होऊन चूल फुंकताना तिला श्वासच पुरेना, तेव्हा लुबनाचे अब्बू रऊफ यांनी तिला आपल्या छोट्या हत्तीत बसवलं आणि अमरावतीला नेलं. छोटा हत्ती म्हणजे त्यांची चारचाकी मालगाडी, भाजीपाल्याच्या वाहतुकीची. डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढलं, तपासायला पाठवलं, आणि सांगितलं की अंडाशयाचा कॅन्सर आहे. जानेवारीत ऑपरेशन झालं. गर्भाशय, अंडाशय, सगळं काढलं. मग दर तीन आठवड्यांनी किमो. केस गेले, भुवया गेल्या, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. पाणी गरम आहे की गार, हे तिच्या बोटांना कळेनासं झालं. ती लुबनाला हात घालून बघायला लावायची.

आणि मग एप्रिलात कोरोना परत आला. पहिल्या वर्षी लोक घाबरले होते. या वर्षी लोक मेले. भाजीबाजार बंद, घराघरात कापसाची गंजी तशीच पडलेली, टमाटे ढोरांपुढं टाकलेले, आणि दहावीची परीक्षा रद्द. ही शेवटची गोष्ट लुबनाला मनातून आवडली होती, आणि आवडली म्हणून तिला लाजही वाटायची.

शाइस्ताला खोकला झाला, मग दम लागला, मग तिला अकोल्याला नेलं. तिथून ती परत आली ती प्लॅस्टिकमध्ये. मोहल्ल्यात आणूच दिली नाही, गाडी परस्पर कब्रस्तानात गेली. मौलाना म्हणाले वबेत, म्हणजे साथीत, मेलेल्याला शहिदाचा दर्जा असतो, काळजी करू नका, पिशवीवरून मातीचा हात फिरवला तरी चालतो. पण तो हात फिरवायलाही कुणी जवळ गेलं नाही. इकडं सुरैय्यानं पाणी तापवून ठेवलं होतं. डॉक्टरांनी तिला गर्दीत जायला साफ मना केलं होतं, अंगात ताकद नव्हती, तरी तिनं पाला टाकून पाणी तापवलं आणि हंड्याशेजारी बसून राहिली. पाणी निवलं. तिनं परत तापवलं. ते परत निवलं. त्या महिन्यात मोहल्ल्यातल्या आणखी बऱ्याच बाया अशाच न न्हाता गेल्या.

तख्त्याची गोष्ट इथून पुढं सुरू होते.

तख्ता म्हणजे ग़ुस्लाची फळी. मशिदीचीच, पण मशीद बंद झाल्यावर तो सुरैय्याच्या परसात बोरीखाली आणून ठेवला होता. एका अंगाला किंचित उतार, पाणी वाहून जावं म्हणून पायाकडं एक भोक. त्याच्यावर जिवंत माणसानं बसू नये, हे मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोराला पण माहीत. रिकामा तख्ता आडवा पडून कोरडा राहिला की तो माणूस मागतो म्हणतात, म्हणून तर तो भिंतीला टेकवून उभा ठेवायचा असतो. पण ऑपरेशन झाल्यापासून सुरैय्याला कुठंच आडवं होता येत नव्हतं. बाजेवर अंग खचलं की टाके ओढायचे, गादीवर कंबर धरायची, फरशीवरून उठता यायचं नाही. एका दुपारी घरात लाईट गेली, कूलर बंद पडला. सावलीत तो तख्ता दिसला. लाकूड थंड होतं, सरळ होतं, उंचीही बरोबर. तिनं तो आडवा केला आणि त्यावर पडली. लुबना बाहेर आली तर अम्मी टोपी काढून, टकलं डोकं उतारावर ठेवून गाढ झोपलेली.

तिनं हलवून उठवलं आणि भांडण काढलं. सुरैय्या म्हणाली, लाकूडच तर आहे, आयुष्य गेलं माझं त्याला घासण्यात, मला काय करणार आहे तो. आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच झोपली.

चार-सहा दिवसांनी लुबनाच्या लक्षात आलं की अम्मी आता तिथं झोपत नाही. भर दुपारी तख्त्यावर पाणी ओतते. रिकाम्या तख्त्यावर. उजव्या अंगाकडून सुरुवात, मग डावं अंग, लोट्यानं सावकाश, दुसरा हात अलगद फिरवत, ओठ हलवत. ज्या बाईला पाण्याचा अर्धा हंडा उचलवत नव्हता ती धापा टाकत हंड्यामागून हंडा आणत होती.

लुबनानं लोटा हिसकावला आणि विचारलं की हे काय चाललंय. सुरैय्यानं तख्त्याच्या कडेला टेकून सांगितलं.

"मी झोपली होती नं, तं कोणीतरी म्हणलं, उठ बाई, आमची बारी हाय. डोळे उघडून पायते तं बाया उभ्या. न न्हाता गेल्या त्या. मंग उठाच लागलं."

"कोण कोण हाय?"

"तुले सांगायचं नसते, माय. पायलेलं सांगायचं नसते."

"आन शाइस्ता खाला?"

सुरैय्यानं मान हलवली. "नाही आली अजून. येईन. तिच्यासाठीच तं थांबली मी."

लुबना दहावी झालेली पोरगी, परीक्षा न देता का होईना. तिनं अब्बूंना सांगितलं. रऊफ म्हणाले ऊन आहे, औषध डोक्यात जातं, डॉक्टरला विचारू. पण त्यानंतर ते परसात पाय ठेवेनात.

मग भिंतीपलीकडून मनकर्णाबाई बोलल्या. मनकर्णाबाई देशमुखीण, दोन्ही घरांत एकच भिंत. मे महिनाभर त्यांचं वाळवण भिंतीवर आणि नजर भिंतीपलीकडं. लुबना परस झाडत होती तर त्यांनी मुंडकं वर काढलं.

"काय वं लुबना, तुमच्या आंगणात रोज दुपारी बायांची लाईन काहून लागते? राशन वाटून राहिले काय? असंन तं आमालेबी सांगत जा."

लुबनाच्या हातातली झाडणी थांबली. तिनं विचारलं, कोणत्या बाया?

"मले काय माईत कोणत्या. एकीमेकीपासून दूर दूर उभ्या रायतात, दुकानापुढं गोल आखले असतात तशा. आन मे महिन्यात रेनकोट घालून कोण येते वं? चकचक करते समदं उनात."

एवढं बोलून त्या कुरड्या पालट्या करायला लागल्या. लुबनानं खाली पाहिलं. कोरड्या फुफाट्यात ओले डाग होते. तख्त्यापासून ते परसाच्या दारापर्यंत, एकाआड एक, मध्ये मध्ये सारखं अंतर सोडून. प्रत्येक डाग दोन पावलं मावतील एवढा. बाळापुरातलं मे महिन्यातलं ऊन असं असतं की ओतलेलं पाणी बघता बघता आटतं. ते डाग आटत नव्हते.

याच आठवड्यात अमरावतीला किमोची तारीख होती. आधीचा एक डोस अंगात रक्त कमी म्हणून हुकला होता. डॉक्टरांनी फोनवर रऊफ यांना ठासून सांगितलं होतं, हाही हुकला तर गाठ परत डोकं वर काढेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. रऊफ यांनी भाजीच्या गाडीचा पास काढला, क्रेटच्या मध्ये सतरंजी अंथरली. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी सुरैय्यानं सांगितलं की ती जाणार नाही.

रऊफ यांनी समजावलं, ओरडले, शेवटी दारात बसून रडले. ती ढिम्म. बाया उभ्या आहेत, म्हणाली, आणि शाइस्ता अजून आलेली नाही. मी जायचे आणि तेवढ्यात ती यायची. एकदा पाणी निवलं माझं, आता नाही निवू देणार.

लुबनाला एवढा राग आला की रागातच तिला सुचलं.

"मी घालीन," ती म्हणाली. "तू जाय. मी बसते इथी."

"तुले भेव वाटीन."

"वाटू दे."

मग सुरैय्यानं मुलीला शिकवलं. पाणी किती ऊन हवं, ते हाताच्या पाठीवर बघायचं. कापड कधीही पूर्ण काढायचं नाही. पोट हलक्या हातानं दाबायचं. सगळ्यात शेवटच्या पाण्यात कापूर. आणि बोलत राहायचं, गप्प बसायचं नाही, मेलेल्या माणसाला गप्प माणसाची धास्ती वाटते. हे शेवटचं लुबनाला अजिबात कठीण नव्हतं. नववीत बडबडीबद्दल तिला अख्खं वर्ष बाकावर उभं केलेलं होतं.

सकाळी गाडी निघाली. लुबनानं सकाळभर घर आवरल्यासारखं केलं आणि ऊन माथ्यावर आलं तसं चुलीवर पाणी चढवलं. बोरीचा पाला तोडला. कापराची वडी चुरली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मनकर्णाबाईंचा कूलर घरघरत होता, तेवढाच काय तो जिवंत आवाज. मग लाईट गेली आणि तोही थांबला.

परसाचं दार लोटलेलं होतं. ते वाजलं नाही, उघडलंही नाही. फक्त दाराशी फुफाटा काळा झाला. मग थोडं अलीकडं. मग आणखी अलीकडं. जसं कुणी न दिसणाऱ्या बादलीतून जागा मोजून पाणी टाकत येतंय. लुबना पळाली असती, पण क्रेटच्या मध्ये बसून तिची अम्मी अमरावतीला गेली होती, ती हिच्या भरवशावर.

"या," लुबना म्हणाली. आवाज भाता फाटलेल्या पेटीसारखा निघाला. "बिस्मिल्ला. लाईनीतच या. पाणी भरपूर हाय."

तख्ता करकरला. तिनं उजवीकडून पाणी सोडलं, आणि तिला कळलं की अम्मी वेडी झालेली नाही. रिकाम्या लाकडावर पाणी सरळ उतारानं जातं. हे पाणी सरळ गेलं नाही. ते वळलं. खांद्याला वळसा घालून खाली आलं, कमरेपाशी खोल झालं, मांडीवरून पसरलं. मध्ये काहीच नव्हतं, आणि जे नव्हतं त्याचा आकार पाण्यानं काढून दाखवला. लुबनाचा हात त्या आकारावरून फिरला आणि हाताला गार लागलं, हंड्याच्या तळासारखं.

ती बोलत राहिली. परीक्षेचं सांगितलं, टमाट्याचा भाव सांगितला, मनकर्णाबाई राशनची लाईन समजतात ते सांगितलं. एकजण फार हलकी होती, म्हातारी असावी. एकीच्या पोटाशी पाणी असं फुगून वळलं की लुबनाला कळलं ती पोटुशी गेली, आणि ती कोण ते पण कळलं. तिनं ते नाव मनातसुद्धा उच्चारलं नाही. एक उठायची, तिचा डाग फुफाट्यात आटून जायचा, मागची पुढं सरकायची.

शेवटी एकच डाग राहिला. मोठा, रुंद, जड माणसाच्या पावलांचा. लुबनाला शाइस्ता लावायची त्या तंबाखूच्या मिसरीचा वास आला आणि तिच्या जिवात जीव आला. आली एकदाची. तिनं पाणी ऊन केलं, तख्ता पुसला, उजव्या अंगाकडून लोटा सोडला.

पाणी सरळ लाकडावरून गेलं आणि भोकातून खाली पडलं.

तख्त्यावर कुणीच नव्हतं. लुबनानं परत ओतलं. परत सरळ गेलं. मग तिनं खाली पाहिलं. ओली पावलं तख्त्याच्या पायथ्याशी थांबली नव्हती. ती वळसा घालून पलीकडं गेली होती, डोक्याच्या बाजूला. जिथं न्हाणारी झोपत नाही. जिथं न्हाऊ घालणारी उभी राहते.

"सुरैय्या कोठी हाय?" शाइस्ताचा आवाज. तोच घोगरा, फक्त थोडा लांबून, जसं कुणी तोंडावर फडकं बांधून बोलतंय.

"अमरावतीले गेली, खाला. डोस हाय."

"मंग थांबते मी. पाणी तापवून ठेव उलसं. माही जबान हाय तिले."

हंड्यात ठेवलेला लोटा आपोआप काठाला लागून वाजला. लुबनाला सगळं कळलं. अम्मी इतके दिवस जिची वाट पाहत थांबली होती ती न्हायला आलीच नव्हती. न्हाऊ घालायला आली होती.

पण लुबनाची एक सवय होती, घाबरली की ती वाद घालायची.

"जबान काय होती खाला? जी आधी जाईन तिले दुसरीनं न्हाऊ घालाचं. तू आधी गेली. मंग तिथी काहून उभी हाय? तुही जागा इथी हाय."

"तिसरीचा हात लागू द्याचा नाही, हेबी होतं जबानीत."

"मी तिसरी कशी? मी जिच्यात होती ते कूस तं डॉक्टरनं काढून फेकली. आता तिच्या पोटातलं मीच तेवढी शिल्लक हाव. हा हात तिचाच हाय, पाय वाटल्यास." आणि तिनं हात पुढं केला.

काहीच झालं नाही. बोरीचं एक पान हललं नाही. लुबनाला वाटलं, आता हा लोटा उचलला जाईल आणि अमरावतीच्या दवाखान्यात सलाईन लावलेल्या अम्मीच्या अंगावर कुठूनतरी गार पाणी पडेल. ती हात तसाच धरून राहिली. खांदा भरून आला तरी खाली केला नाही.

मग हात गारठला. कुणीतरी तळवा धरून पाहिला, उलटा केला, सुलटा केला, भाजी पारखावी तसा.

आणि तख्ता असा करकरला की मोडतो की काय वाटलं.

लुबनानं लोटा सोडला. पाणी वळलं. मोठाल्या खांद्यावरून, मोठाल्या पोटावरून, ओघळच ओघळ. लुबना रडत होती आणि बोलत होती. पालथी करायची वेळ आली तेव्हा तिचा दमच निघाला, आणि कुठूनतरी, तोंडावर फडकं बांधलेलं असावं तसं, हसू ऐकू आलं.

दिवेलागणीला छोटा हत्ती आला. रऊफ यांनी सुरैय्याला उचलूनच उतरवलं. डोस झाला होता, हातावर पट्टी होती, चेहरा राखेसारखा. ती आत गेली नाही. परसात जाऊन तख्त्यावर हात ठेवला. त्या हाताला काही कळत नव्हतं, म्हणून तिनं गाल लावून पाहिलं.

"आली होती?"

"आली होती."

"जड होती नं?"

"बम्म जड."

सुरैय्या हसली, आणि हसता हसता पोटाला हात लावून खाली बसली. मग तिनं विचारलं, "काय म्हणली ती? माही आठवण काढली?"

लुबनाला खोटं पटकन जमायचं, पण अम्मीपुढं नाही जमलं. ती म्हणाली, "जबान होती म्हणली. म्या सांगतलं, आधी तू गेली."

सुरैय्याला सगळं समजलं. तिनं जमिनीकडं पाहिलं. तिथं आता कोरडा फुफाटा होता, मुंग्यांची रांग होती. लुबना तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि तो हात अजून गारच होता, चुलीपाशी धरूनही ऊन झाला नव्हता.

"मले कोणी विचारलंच नाही, मले कुठी जायचं हाय," सुरैय्या शेवटी म्हणाली. त्यात राग होता की काय होतं, लुबनाला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुरैय्यानं तख्ता मशिदीत नेऊन उभा करायला सांगितला. रऊफ आणि लुबनानं तो उचलून गाडीत ठेवला. एकटी फळी ती, दोन माणसांना कापसासारखी हलकी लागली. पण गाडीत ठेवल्यावर छोट्या हत्तीचे मागचे पाटे दबले, टायर बसले, कांद्याच्या भरल्या पोत्यांनी बसतात तेवढे. रऊफ यांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. चावी फिरवताना ते फक्त पुटपुटले, आता सावकाश न्यायला लागेल.

गाडी खरोखरच सावकाश गेली, गल्लीच्या खड्ड्याखड्ड्यात कुणाला तरी सांभाळत. सुरैय्या ओट्यावर उभी राहून बघत होती, टकल्या डोक्यावर ओढणी धरून. गाडी वळली तशी ती आत आली, भिंत धरत धरत बाजेपर्यंत गेली, बाजेवर बसली, टाके ओढले तेव्हा तोंड वाकडं केलं. पण उठली नाही.

"लुबना, तो दवाखान्याचा कागद आण वं," ती म्हणाली. "पुढची तारीख कोणती दिली, पाय बरं."